डंजन्स अँड ड्रॅगन्सची कोणती पुस्तकं घ्यावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी ठाण्यात आमच्याकडे जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक काढलं जातं, चौकोनांचा नकाशा पसरला जातो आणि पाच जण आपापले फासे घेऊन बसतात. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो: प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राच्या भूमिकेत शिरून गोष्टीत काय करायचं ते सांगतो आणि ते जमलं की नाही हे फासे ठरवतात. आठ वर्षं मी या टेबलावर डीएम (डंजन मास्टर) आहे, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा, शत्रू चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा. नवीन खेळायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्यात एकच गोष्ट विचारतो: "पुस्तक कोणतं घेऊ?" पुस्तकं महाग आहेत, बरीचशी बाहेरून मागवावी लागतात आणि चुकीचं घेतलं तर कपाटात पडून राहतं. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो: संग्रह टेबलावरून वाढावा. खेळताना ज्या पुस्तकाची गरज भासली, ते पुढच्या महिन्यात घ्यावं.

खेळायला सुरुवात करायची आहे. किती पुस्तकं लागतात?

सगळ्या टेबलात मिळून एक. पहिल्या दोन-तीन वेळा एकही नाही, कारण मूळ नियम फुकट आणि कायदेशीरपणे मिळतात (खाली सांगतो). चार मित्र, सात फाशांचा एक संच, पेन्सिली आणि तीन तास सलग बसायची जागा एवढं आधी जमवा. माझ्या अनुभवात पुस्तकापेक्षा चार जणांची एक मोकळी संध्याकाळ जुळवणं जास्त अवघड असतं.

तीन मूळ पुस्तकं म्हणतात ती कोणती? तिन्ही एकदम घ्यायची का?

प्लेयर्स हँडबुक, डंजन मास्टर्स गाइड आणि मॉन्स्टर मॅन्युअल. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी आणला तेव्हा एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या, किंमत १० डॉलर, आणि पहिली छपाई फक्त १,००० प्रतींची. पुढे 'अॅडव्हान्स्ड' आवृत्ती आली तीही तीन पुस्तकांतच: १९७७ मध्ये मॉन्स्टर मॅन्युअल, १९७८ मध्ये खेळाडूंचं पुस्तक, १९७९ मध्ये डीएमचं. तेव्हापासूनची ही त्रयी आजही चालू आहे.

एकदम घेऊ नका. आधी प्लेयर्स हँडबुक. पात्रं बनवणं, लढाई, मंत्र, शस्त्रं, सगळं त्यात आहे. त्यावर दोन-तीन महिने खेळा. मग मॉन्स्टर मॅन्युअल. डीएमचं पुस्तक शेवटी. हा क्रम काही जणांना उलटा वाटतो, पण टेबलावर कोणतं पुस्तक किती वेळा उघडलं जातं ते मी आठ वर्षं पाहतोय. एका संध्याकाळी हँडबुक वीस वेळा उघडतं, मॉन्स्टर मॅन्युअल चार वेळा, डीएमचं एखाद्या वेळी.

दुकानात २०१४ची आणि २०२४ची अशा दोन्ही प्रती दिसतात. कोणती घेऊ?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये आली. दहा वर्षांनी प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टने तीच दुरुस्त करून पुन्हा काढली: प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये, डीएमचं पुस्तक नोव्हेंबरमध्ये आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये. तिन्ही नवी पुस्तकं प्रत्येकी ३८४ पानांची आहेत. पाठीवर 'सहावी आवृत्ती' असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे नुसतं नाव वाचून ऑर्डर करणारा फसतो. चित्रावरून ओळखा: जुन्या हँडबुकवर भलामोठा आगीचा दानव आहे, नव्यावर साहसी टोळीच्या मागे सोनेरी ड्रॅगन.

आज पहिल्यांदा घेत असाल तर नवीन घ्या. खेळ तोच आहे, पण पुस्तकाची मांडणी खूप सुधारली आहे. नव्या हँडबुकच्या शेवटी नियमांचा अकारविल्हे कोश आहे; 'घट्ट पकडणं' किंवा 'लपणं' यांचा नियम शोधायला जुन्या पुस्तकात आम्ही तीन प्रकरणं चाळायचो, आता एक पान उलटावं लागतं. बदल खरे आहेत. जखमा भरून काढणाऱ्या 'क्युअर वूंड्स' मंत्रात पूर्वी आठ बाजूंचा एक फासा टाकायचा, आता दोन. शरीरबळ, चपळाई वगैरे आकड्यांत मिळणारी वाढ पूर्वी तुमचं पात्र कोणत्या काल्पनिक वंशाचं आहे, एल्फ की ड्वार्फ, यावर ठरायची, आता त्याच्या पूर्वायुष्यावर ठरते, म्हणजे ते शेतकरी होतं की सैनिक. शस्त्रांना स्वतःची खास कौशल्यं आली आहेत, त्यामुळे नुसती तलवार चालवणाऱ्या योद्ध्याचा डाव कंटाळवाणा राहिलेला नाही.

तुमच्या टेबलावर आधीपासून २०१४ची पुस्तकं असतील आणि कॅम्पेन (अनेक आठवडे चालणारी सलग गोष्ट) रंगात आलं असेल, तर मात्र थांबा. ते कॅम्पेन जुन्या नियमांवर संपवा. एकाच टेबलावर अर्धी पात्रं जुन्या आणि अर्धी नव्या नियमांची असली की दर पंधरा मिनिटांनी वाद होतो. आम्ही तीन आठवडे तसं करून पाहिलं आणि परत फिरलो. साहसकथांची जुनी पुस्तकं मात्र नव्या नियमांत बिनधास्त चालतात. ती फेकू नका.

डंजन मास्टर्स गाइड खरंच लागतं का? अनेक जण म्हणतात वाचलंच नाही.

जुन्याबद्दल ते बरोबर होतं. २०१४च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणजे स्वतःचं जग कसं निर्माण करायचं: देव, राज्यं, चलनं, संघटना. दुसरं प्रकरण म्हणजे बाकीची विश्वं. आणि ज्याला उद्या संध्याकाळी चार मित्रांसमोर बसायचंय त्याला हवं असलेलं, खेळ प्रत्यक्ष चालवण्याचं प्रकरण थेट आठवं. मी स्वतः पहिली दोन प्रकरणं वाचून दीड महिना देवांची नावं ठरवत बसलो होतो. त्यातला एकही देव आजवर खेळात आलेला नाही.

नव्या पुस्तकात क्रम सरळ झाला आहे. आधी डीएम काय करतो, मग खेळ कसा चालवायचा, मग साहस, म्हणजे खेळायची एक गोष्ट, कसं रचायचं, आणि जग निर्माण करणं त्यानंतर. पाच छोटी साहसं तयार दिली आहेत. नमुना म्हणून ग्रेहॉक हे खेळाच्या सुरुवातीच्या काळातलं जगही आहे, दोन्ही बाजूंनी छापलेल्या मोठ्या नकाशासकट. शिवाय जादूच्या वस्तूंची सगळी यादी याच पुस्तकात असते. खेळाडूंची पात्रं अनुभवाने वाढत तिसऱ्या-चौथ्या पातळीवर पोहोचली आणि ते "आम्हाला जादूची तलवार कधी मिळणार?" म्हणायला लागले, की हे पुस्तक घ्यायची वेळ झाली असं समजा.

मॉन्स्टर मॅन्युअलशिवाय भागणार नाही का?

भागतं, पण हे पुस्तक घेतल्याचा आनंद सगळ्यात जास्त आहे. नव्या आवृत्तीत ५०० हून जास्त जीव आहेत आणि शेवटी ताकदीनुसार याद्या आहेत. शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर कोणतंही पान उघडा, एक चित्र बघा, त्या जिवाच्या सवयींबद्दलच्या चार ओळी वाचा. संध्याकाळचा अर्धा भाग तयार होतो.

मराठीत खेळणाऱ्यांसाठी इथे एक खास अडचण आहे. आपण सहज 'राक्षस' म्हणतो. पण या पुस्तकात राक्षस नावाचा वेगळा जीव आहे, १९७७च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून: वाघाचं डोकं, अंगावर उंची कपडे, आणि हातांचे तळवे उलटे. आपल्या पुराणांतून निघून तो अमेरिकेत गेला आणि तिथून असा परत आला. आमच्या टेबलावर एकदा मी म्हणालो, "गुहेतून तीन राक्षस बाहेर येतात," आणि ज्या खेळाडूने पुस्तक वाचलं होतं ती घाबरून पात्र घेऊन पळालीच. बाहेर आले होते साधे गॉब्लिन, म्हणजे बुटके, दुबळे शत्रू. तेव्हापासून आम्ही बाकी सगळ्यांना 'जीव' किंवा सरळ 'मॉन्स्टर' म्हणतो. नागाचंही तसंच, नाग या पुस्तकात मंत्र टाकतात.

त्यापेक्षा स्टार्टर सेटचा खोका घेतला तर?

टेबलावर कोणीच याआधी खेळलेलं नसेल तर खोकाच घ्या. मी स्वतः २०१४च्या स्टार्टर सेटवर शिकलो: ३२ पानांचे नियम, ६४ पानांचं साहस, तयार पाच पात्रं आणि सहा फासे. त्यातलं साहस एका रस्त्यावर सुरू होतं. समोर दोन मेलेले घोडे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. मी एवढंच वाचून दाखवलं आणि थांबलो. एकीने विचारलं, "खोगिरावर काही खूण आहे का?" दुसरा म्हणाला, "मी रस्ता सोडून झाडीत शिरतो." पुढची दहा मिनिटं कोणीही पुस्तकाकडे पाहिलं नाही. गॉब्लिन झाडीतून निघाले तेव्हा एकच नियम सांगावा लागला: वीस बाजूंचा फासा टाका, तुमच्या पात्राचा आकडा त्यात मिळवा, मी सांगितलेल्या आकड्याएवढं किंवा जास्त आलं तर जमलं. हा खेळ नेमका काय आहे ते आम्हा सगळ्यांना त्या दहा मिनिटांत कळलं.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये 'हीरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' हा नवा खोका आला. तो १९७९च्या एका गाजलेल्या साहसावर आधारलेला आहे. त्यात साहसाच्या तीन पुस्तिका, नकाशे, पत्ते आणि टोकन आहेत, आणि पात्रं पाट्यांवर तयार मांडलेली आहेत. बोर्डगेम खेळणाऱ्या घरात हा पटकन रुळतो. मर्यादा एवढीच की पात्रं तिसऱ्या पातळीपर्यंतच वाढतात; त्यापुढे हँडबुक घ्यावंच लागतं.

आम्ही नवरा-बायको दोघंच आहोत. दोघांत खेळता येतं?

येतं. २०१९चा 'इसेन्शियल्स किट' बघा. एक डीएम आणि एकच खेळाडू असताना सोबतीला साथीदार पात्र कसं द्यायचं, याचे नियम त्यात आहेत. स्वतःचं पात्र बनवण्याचे नियम, ११ फासे आणि डीएमच्या नोंदी खेळाडूंपासून लपवणारा पडदाही आहे. हे जुन्या २०१४च्या नियमांवर आहे, पण दोघांना त्याने काही अडत नाही.

फुकट काय मिळतं? मराठीत काही आहे का?

'सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट' नावाचा मूळ नियमांचा दस्तऐवज प्रकाशकानेच फुकट दिला आहे. २०१४च्या नियमांचा दस्तऐवज जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आला आणि २०२४च्या नियमांचा एप्रिल २०२५ मध्ये. त्यात सगळं नाही: प्रत्येक वर्गाची (योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार) एकच उपशाखा आहे, आणि बिहोल्डरसारखे खेळाचे खास जीव वगळले आहेत. पण सहा महिने मजेत खेळण्याएवढं नक्की आहे.

या परवान्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मूळ स्रोताचा उल्लेख करून कोणीही या नियमांचा अनुवाद करू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. जुन्या दस्तऐवजाचे फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश अनुवाद प्रकाशकाने स्वतः काढले. मराठीचं काम आपल्यालाच करावं लागेल. मी माझ्या टेबलापुरतं लढाईचं प्रकरण मराठीत केलंय, चार पानं. इंग्रजी वाचायला कंटाळणाऱ्या दोन खेळाडूंना त्या चार पानांनी खेळात टिकवलं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून कोणी मागे राहत असेल, तर त्याला अडीचशे पानं वाचायला देऊ नका. नियम एकाने वाचावेत आणि बाकीच्यांना मराठीत सांगावेत, एवढं पुरतं.

पीडीएफ मिळते का?

पाचव्या आवृत्तीची मूळ पुस्तकं प्रकाशक पीडीएफ म्हणून विकत नाही. त्यामुळे कोणी हँडबुकची पीडीएफ पाठवली तर ती चोरीची आहे. डिजिटल हवं असेल तर डीअँडडी बियाँड या प्रकाशकाच्या वेबसाइटवर विकत घेऊन तिथेच वाचता येतं. कागदी पुस्तक घेतलं म्हणून तिथलं आपोआप मिळेल असं समजू नका. मात्र जुन्या आवृत्त्यांची बरीच पुस्तकं अधिकृत पीडीएफमध्ये मिळतात.

निम्म्या किमतीत नवीन प्रत मिळतेय. घेऊ का?

मी घेतली होती. अमेरिकेत छापील किंमत जवळजवळ ५० डॉलर असलेलं पुस्तक एका ऑनलाइन विक्रेत्याकडे खूपच स्वस्त दिसलं. पार्सल उघडलं तेव्हा मुखपृष्ठावरचा लाल रंग मातकट होता. आत चित्रांच्या काळोख्या भागांत काहीच ओळखू येत नव्हतं, आणि समासातला मजकूर शिवणीत बुडालेला. तिसऱ्या शनिवारी मंत्रांचं प्रकरण उघडलं आणि सोळा पानांचा गठ्ठा गोंदासकट हातात आला. ती बनावट प्रत होती. तेव्हापासून परिक्षणांमधले ग्राहकांनी टाकलेले आतल्या पानांचे फोटो बघितल्याशिवाय मी ऑर्डर करत नाही. शंका आली तर विक्रेत्याकडे पाठीच्या आणि मधल्या एखाद्या रंगीत पानाच्या फोटोची मागणी करा. खरी प्रत असलेला फोटो लगेच पाठवतो.

जुनी, वापरलेली प्रत घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त आवृत्ती तपासा. 'मॉन्स्टर मॅन्युअल' याच नावाची पुस्तकं १९७७, २०००, २००३, २००८, २०१४ आणि २०२५ अशा सालांची सापडतील, आणि वेगळ्या आवृत्तीचे आकडे बहुतेक वेळा दुसरीत चालत नाहीत. पहिल्या दोन आवृत्त्यांत तर चिलखताचा आकडा जितका कमी तितकं संरक्षण जास्त, आजच्या अगदी उलट.

मूळ तीन झाली. आता पुढचं एक पुस्तक?

डीएम असाल तर एखादं साहस. खेळाडू असाल तर बहुतेक काहीच नको.

नियमांच्या पुरवण्यांपैकी २०१७चं 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' मला अजूनही उपयोगी वाटतं, तेही अनपेक्षित कारणासाठी: शेवटी पानंच्या पानं नावांची आहेत, देशोदेशीची, भारतीयसुद्धा. सराईच्या मालकाचं नाव खेळाडूंनी अचानक विचारलं की मी तिथे बोट ठेवतो. २०२०चं 'टॅशाज कॉल्ड्रन' चांगलं होतं, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी आता नव्या हँडबुकातच आल्या आहेत. नव्यांनी ते घाईने घेऊ नये.

साहसांपैकी कोणतं?

एकच घ्यायचं असेल आणि भयकथा आवडत असतील तर २०१६चं 'कर्स ऑफ स्ट्राड'. मूळ कल्पना १९८३ची, ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दाम्पत्याची. धुक्याने वेढलेली दरी, तिच्यावर सत्ता गाजवणारा व्हॅम्पायर, आणि सुरुवातीला भविष्य सांगणारी बाई पत्ते मांडते. त्या पत्त्यांवरून ठरतं की त्याला मारण्यासाठी लागणाऱ्या वस्तू कुठे सापडतील. म्हणून दुसऱ्या टोळीबरोबर खेळलं तरी गोष्ट वेगळी होते. पहिलंच साहस म्हणून मात्र हे घेऊ नका, कारण पात्रं यात सहज मरतात.

दर वेळी वेगळे मित्र येत असतील तर छोट्या साहसांचा संग्रह बरा. २०२२च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मध्ये १३ स्वतंत्र साहसं आहेत. त्यातलं एक कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांनी लिहिलंय, नद्यांच्या बंगाली धाटणीच्या प्रदेशात घडणारं. आमच्या टेबलावर त्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणी 'टॅव्हर्न'मध्ये शिरलं नाही, सगळे नदीच्या घाटावर उतरले, आणि नावं उच्चारताना कोणाची जीभ अडखळली नाही.

आणि खेळाडूंना एक कळकळीची विनंती: तुमचा डीएम जे साहस चालवतोय ते पुस्तक घेऊ नका, चाळूही नका.

डंजन्स अँड ड्रॅगन्स सोडून दुसरं काही घ्यावं का?

जरूर. बारीक डावपेच आणि काटेकोर नियम आवडत असतील तर पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती. तिचे सगळे नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या वेबसाइटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात, त्यामुळे पुस्तक घेण्याआधी महिनाभर खेळून बघता येतं. जुन्या पद्धतीचा, थोड्या नियमांचा खेळ हवा असेल तर 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स'; तो १९८१च्या नियमांची स्वच्छ फेरमांडणी आहे. आणि २०२३चं 'शॅडोडार्क': यात मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते. मोबाइलवर तासाचा गजर लावून टेबलाच्या मध्ये ठेवला की पंचावन्नाव्या मिनिटाला खोलीतलं बोलणं आपोआप हळू होतं.

पावसाळ्यात पुस्तकं कशी सांभाळायची?

गुळगुळीत, जाड कागद ओल पटकन धरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. उभी ठेवा, गच्च कोंबू नका, आणि आठवड्यातून एकदा पंख्याखाली उघडा. नियमित खेळत असाल तर हे आपोआप होतं.

पुस्तकात लिहिलेलं चालेल का?

पेन्सिलीने, हो. हँडबुकच्या समासात आम्ही टेबलावर ठरलेले निवाडे तारीख घालून लिहितो, म्हणजे तोच वाद पुन्हा होत नाही. साहसाच्या पुस्तकात कोणत्या खोलीत काय घडलं ते एका ओळीत टिपून ठेवा. सहा महिन्यांनी खेळाडू त्याच गुहेत परत जायचं म्हणतील तेव्हा दार कोणी तोडलं होतं हे डीएमला आठवावं लागतं.